चेहऱ्यावरच्या सुया आणि दोन दिवसांचं सर्टिफिकेट

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या महिला मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मंडळाच्या वहिनींनी मला सांगितलं, "काका, पंचवीस वर्षांचा इतिहास सगळेच सांगणार आहेत, तुम्ही दुसरं काही बोला." विषयही त्यांनीच दिला. चेहऱ्याचं ॲक्युपंक्चर. म्हणजे सुरकुत्या जाव्यात, गाल ओघळू नयेत, डोळ्यांखालचं काळं कमी व्हावं म्हणून चेहऱ्यावर बारीक सुया टोचतात ते. आता मी काही डॉक्टर नाही. माझी हयात बँकेत गेली, दुसऱ्याचे कागद वाचण्यात. पण हा विषय माझ्याकडे आला तोसुद्धा कागदाच्याच रूपानं, म्हणून बोलायचं धाडस करतो.

आपल्या सोसायटीतल्या एक सूनबाई ब्यूटी पार्लर चालवतात. नाव घेत नाही, त्यांनी परवानगी दिली आहे तेवढंच सांगतो. थ्रेडिंग, फेशियल, लग्नसराईत नवरीचा मेकअप. जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावात या धंद्यात आता स्पर्धा आहे. भोकरदनला, चिखलीला नवीन काय आलं ते बायकांना मोबाईलवर त्याच दिवशी कळतं आणि दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये विचारणा होते. सूनबाई एक रंगीत जाहिरात घेऊन आल्या. दोन दिवसांचा वर्ग, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्टिफिकेट आणि सुयांचं किट. फी भरायला मुद्रा योजनेतून शिशु कर्ज मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, ते खरं आहे. पण मी म्हणलं, कर्जाचं मागून बघू, आधी हा कागद वाचू.

जाहिरातीवर सगळ्यात वर फोटो होता डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा. खाली लिहिलं होतं, "डॉ. कोटणीसांनी चीनमधून आणलेली विद्या". कोटणीस म्हटलं की मराठी माणसाचा हात आपोआप जोडला जातो. माझाही जातो. पण हिशेब मांडून बघा. कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस तिथंच राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, चिनी भाषा शिकले, तिथल्या मुलीशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच वारले. जो माणूस परत आलाच नाही त्यानं विद्या आणली कशी? आणि ते होते शल्यचिकित्सक. जखमी सैनिकांची ऑपरेशनं करण्यात त्यांचे दिवस आणि रात्री गेल्या. शांतारामबापूंचा सिनेमा आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, १९४६ सालचा.

ॲक्युपंक्चर भारतात रुजवलं ते त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात ती वापरू लागले. पुढं कोटणीसांच्या नावानं स्मारक समित्या निघाल्या, त्यांनी गावोगाव ॲक्युपंक्चरची केंद्रं चालवली, त्यामुळे कोटणीस आणि सुई ही जोडी लोकांच्या डोक्यात पक्की बसली. बसूंचं नाव मात्र आपल्याकडं फारसं कुणी घेत नाही. फोटो कोटणीसांचा लावला की फी लवकर भरली जाते, हे जाहिरात करणाऱ्याला बरोबर माहीत आहे.

दुसरी ओळ होती "युनेस्को मान्य". तेही अर्धं खरं. युनेस्कोनं २०१० मध्ये चिनी ॲक्युपंक्चर आणि मॉक्साचा शेक यांना सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातलं. वारसा म्हणून. त्यानं सुरकुत्या जातात असा दाखला युनेस्कोनं कुणालाही दिलेला नाही. तारण कशाचं आणि कर्ज कशासाठी, याचा मेळ नसला की आम्ही फाईल परत पाठवायचो, तसलंच हे.

आता प्रत्यक्ष सुयांकडे येतो, कारण बहिणींना त्यातच जास्त रस आहे.

सुई म्हणजे इंजेक्शनची नव्हे. इंजेक्शनची सुई आतून पोकळ असते. ॲक्युपंक्चरची भरीव असते आणि फार बारीक. २४ नंबरची इंजेक्शनची सुई अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाडच भरते, तर चेहऱ्याला वापरतात ती साधारण ०.१६ ते ०.२० मिलिमीटर, लांबीला अर्धा इंच किंवा जरा जास्त. हातापायाला याहून जाड आणि लांब चालतात. चेहऱ्यावर ती सरळ खुपसत नाहीत, कातडीच्या अगदी जवळून, पंधराएक अंशांच्या तिरप्या कोनात सरकवतात. कपाळावरच्या आठीखाली, नाकापासून ओठाकडे येणाऱ्या घडीखाली, कधी एकीशेजारी एक अशा ओळीनं. वीस मिनिटं ते अर्धा तास ठेवतात, मग काढून कापसानं दाबून धरतात. दाबायला विसरलं की काळंनिळं होतं, कारण चेहऱ्याच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं. असे आठवड्याला एक-दोन याप्रमाणे दहा-बारा वेळा बसावं लागतं, आणि पुढंही अधूनमधून.

चांगला शिकलेला माणूस फक्त चेहऱ्यावर काम करत नाही. तो आधी जीभ बघतो, नाडी बघतो, झोप, पचन, पाळी विचारतो. मग हातापायावरही सुया लावतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागातला बिंदू आहे, त्याला हेगू म्हणतात. चेहरा आणि तोंडाच्या तक्रारींसाठी त्यांच्या ग्रंथांत तोच मुख्य. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला झूसानली. भुवयांच्या मधोमध, आपण जिथं कुंकू लावतो तिथं, यिंतांग. नाकपुडीशेजारी यिंगशियांग, ओठाच्या कोपऱ्याशी दिचांग.

हे बिंदू शोधायचं माप मला फार आवडलं. त्याला ते चुन म्हणतात. पेशंटच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक चुन, चार बोटं जोडून धरली की तीन. झूसानली गुडघ्याच्या बाहेरच्या खळगीपासून बरोबर चार बोटं खाली, पण त्या बाईच्या बोटांनी, टोचणाऱ्याच्या नव्हे. आपल्याकडं वैद्य मंडळी अंगुळ मोजत ते असंच, ज्याचं अंग त्याचं माप. म्हणून किटमधल्या छापील चार्टवर बोट ठेवून शिकता येत नाही. माणसागणिक जागा सरकते.

आणि हात बसायला वेळ लागतो. विद्यार्थी सुरुवातीला घट्ट बांधलेल्या कागदाच्या चवडीत सुई घालायला शिकतात, मग कापसाच्या गुंडाळीत, मग स्वतःच्या पायात. दुसऱ्याच्या अंगाला हात त्यानंतर. एक गोष्ट सांगतो, आपल्याकडं ती फारशी कुणाला ठाऊक नाही. सतराव्या शतकात जपानमध्ये सुगियामा वाइची नावाचे आंधळे गृहस्थ ही विद्या शिकत होते. गुरूनं त्यांना मंदबुद्धी म्हणून हाकलून दिलं असं सांगतात. पुढं त्यांनीच बारीक नळीतून सुई घालायची पद्धत रूढ केली. नळी कातडीवर टेकवायची, सुई आत सोडायची, वर दिसणाऱ्या टोकावर बोटानं टिचकी मारायची. आज जगभर ती नळी वापरतात, सुयांच्या पाकिटातच येते. त्या माणसानं आंधळ्यांसाठी सुईच्या शाळा काढल्या आणि जपानमध्ये पिढ्यान् पिढ्या अंध लोकांनी हा व्यवसाय सन्मानानं केला. डोळे नसलेल्यांना जमलं, कारण शिक्षण वर्षानुवर्षांचं होतं.

शिक्षण किती हवं याला आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये ॲक्युपंक्चरच्या प्रशिक्षणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं छापली. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसाला पूर्ण प्रशिक्षण २,५०० तास, त्यातले निदान १,००० तास प्रत्यक्ष काम. जो आधीच डॉक्टर आहे आणि थोडंसंच वापरणार आहे, त्यालाही किमान २०० तास. रोज सहा तास धरले तर २,५०० तासांना चारशेहून जास्त दिवस होतात, सुट्या धरल्या की दीड वर्ष. आणि त्या जाहिरातीतले दोन दिवस म्हणजे चहा-जेवण धरून चौदा तास.

यावर सूनबाईंनी मला चांगलं अडवलं. म्हणाल्या, "काका, पण अमेरिकेतसुद्धा दोन-दोन दिवसांचे वर्ग असतात. मी व्हिडिओ पाहिलेत." बरोबर आहे त्यांचं. असतात. चेहऱ्याचं हे सौंदर्य-ॲक्युपंक्चर तिकडं गेल्या तीसेक वर्षांत चांगलं चालतं, आणि त्याचे शनिवार-रविवारचे वर्गही असतात. पण त्या वर्गात बसतं कोण? ज्यानं ॲक्युपंक्चरचं तीनेक वर्षांचं शिक्षण घेतलं आहे, परीक्षा दिली आहे, सुई निर्जंतुक हाताळण्याची वेगळी परीक्षा पास केली आहे आणि राज्याचं लायसन ज्याच्या भिंतीवर आहे, तो. त्याला शरीर कळतं, बिंदू कळतात, सुई हातात बसलेली असते. चेहऱ्यासाठी काय निराळं करायचं तेवढं दोन दिवसांत शिकतो. म्हणजे तो वरचा मजला आहे. आपल्याकडं त्याच वर्गाची नक्कल आली, खालचा मजला काढून टाकून. आपली ही इमारत पंचवीस वर्षं उभी आहे ती पायामुळे, याहून जास्त मी काय सांगू!

आता कायद्याचं. महाराष्ट्रात याला स्वतंत्र कायदा आहे, हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. पश्चिम बंगालनं १९९६ मध्ये केला. आपल्याकडचा महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम २०१५ चा. त्यानुसार महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद स्थापन झाली, ती अभ्यासक्रम आणि संस्था यांना मान्यता देते, व्यावसायिकांची नोंदणी करते. केंद्र सरकारनं २००३ मध्ये उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून ॲक्युपंक्चरला मान्यता दिली. तेव्हा विद्या कायदेशीर आहे, त्याबद्दल शंका नको. प्रश्न माणसाच्या नोंदणीचा आहे. सर्टिफिकेट वेगळं आणि नोंदणी वेगळी. ड्रायव्हिंग स्कूल तुम्हाला सर्टिफिकेट देईल, फ्रेम करून घरात लावा. रस्त्यावर पोलीस विचारतो ते आरटीओचं लायसन. त्या जाहिरातीवर परिषदेच्या मान्यतेचा एकही शब्द नव्हता. चारी बाजूंनी बघितलं, मागच्या पानावरही. मी सूनबाईंना त्या नंबरवर फोन करून मान्यता क्रमांक विचारायला सांगितलं. समोरून उत्तर आलं, "मॅडम, आपलं ब्यूटीमध्ये येतं, ट्रीटमेंटमध्ये येत नाही." माझ्या मते कातडीत सुई गेली की ते पावडर-लिपस्टिक राहत नाही. पाच वर्षांनी एखाद्या गिऱ्हाईकाचा डोळा सुजला आणि तक्रार झाली, तर हे फोनवरचं वाक्य सूनबाईंच्या उपयोगी पडेल का?

डोळ्याचं मुद्दाम म्हणालो. जाहिरातीत सगळ्यात ठळक होतं ते "डार्क सर्कल". डोळ्याच्या अगदी खाली, हाडाची कड आणि बुबुळ यांच्या मधोमध एक बिंदू आहे, चेंगछी नावाचा. तिथं सुई घालताना बोटानं डोळा हळूच वर सरकवून धरावा लागतो, सुई फिरवायची नाही, हलवायची नाही, आणि काढल्यावर बराच वेळ दाबायचं. जरा चुकलं तर डोळ्याभोवती रक्त साकळतं, त्याहून चुकलं तर विचारू नका. मुरलेले लोकही ही जागा टाळतात. ती दोन दिवसांत शिकवणार!

आपल्या बायाबापड्यांना सुईची भीती नवी नाही. आमच्या आयांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण होतं. जत्रेत गोंदणारी बसायची, एकाच सुईनं अख्ख्या गावाला गोंदायची. नाक-कान टोचायला सोनार घरी यायचा. त्या काळी चालून गेलं म्हणतो आपण; कुणाला पुढं कावीळ झाली ती गोंदणामुळे की कशामुळे, हे कुणी लिहून ठेवलं नाही. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात, शरीराबाहेर, सात दिवस तग धरतो. म्हणून ॲक्युपंक्चरची सुई एकदाच वापरायची, पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडायचं. आणि वापरलेली सुई? २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे टोकदार वस्तू पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात घालून अधिकृत यंत्रणेकडे द्यायच्या. पार्लरचा कचरा आपल्या घंटागाडीत जातो. एका बैठकीत वीस सुया म्हणजे दिवसाला चार गिऱ्हाइकं धरली तर ऐंशी. सकाळी गाडीवर जो पोरगा हातमोज्याशिवाय पिशव्या फोडतो, त्याच्या बोटात कितव्या दिवशी जाईल?

आता गुण येतो का, हा खरा प्रश्न. कुणी शपथेवर सांगावं असं काही हाती नाही. कोरियात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास आहे. २८ स्त्रिया, तीन आठवड्यांत पाच बैठका, कातडीचा ताण थोडा सुधारल्याचं त्यांनी लिहिलं. पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, म्हणजे नुसतं पाच वेळा निवांत पडून राहिल्यानं किती फरक पडला असता ते कळत नाही. सुईच्या बारीक इजेमुळे तिथं रक्त जास्त येतं, कातडी स्वतःला दुरुस्त करताना कोलॅजेन तयार करते, असं यामागचं म्हणणं. तर्क चुकीचा वाटत नाही, पण तर्कावर आम्ही कर्ज मंजूर केलं नाही कधी. दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा अनुभव आपल्यातल्या काहींना चांगला आहे, कंबरेला, गुडघ्याला. तो त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. सुरकुतीचं मात्र वेगळं आहे. एक बघा, चेहरा वीस मिनिटं थोडा लाल आणि फुगीर राहतो, आरशात लगेच तजेलदार दिसतं. फोटो त्याच वेळी काढतात.

ज्या कुणाला तरीही करून घ्यायचं असेल, त्यांनी परिषदेकडे नोंद असलेल्या माणसाकडेच जावं आणि आधी आपली औषधं सांगावीत. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चेहऱ्यावर सुया नकोत. साखर ताब्यात नसेल, रक्तदाब चढलेला असेल, फिट येत असेल तरी नकोत. गरोदरपणात तर तो हेगू बिंदू त्यांच्या ग्रंथांतच वर्ज्य सांगितला आहे. पार्लरमध्ये हे कुणी विचारतं का?

सूनबाईंनी ती फी भरली नाही. त्यांनी काय केलं ते त्यांच्या परवानगीनं सांगतो: त्याच पैशात निर्जंतुकीकरणाचं छोटं यंत्र घेतलं आणि खुर्ची बदलली. थ्रेडिंगचा धागा प्रत्येकीला नवीन, हे पाटीवर लिहून लावलं. गिऱ्हाईक वाढलं असं त्या म्हणतात. त्यांना ॲक्युपंक्चर शिकायचंच आहे, तर बारावी झालेली आहे, मान्यताप्राप्त संस्थेची चौकशी आम्ही दोघं मिळून करतो आहोत. सासूबाईंनी दोन्ही नातवंडं सांभाळायचं कबूल केलं आहे, ही यातली सगळ्यात मोठी मंजुरी.

भाषण झाल्यावर मंडळातल्या एका ताईंनी विचारलं, की तोंड वाकडं होतं त्यावर तरी सुया चालतात ना? उत्तर इथं लिहून देतो, कारण कामाचं आहे. एका बाजूचा चेहरा अचानक लुळा पडतो, डोळा मिटत नाही, पाणी ओठातून गळतं. आपल्याकडं वारं लागलं म्हणतात, कुणी बिब्बा लावतं आणि कातडी उतून बसते. यात दोन प्रकार. हात किंवा पाय गळाला असेल, बोलणं अडखळत असेल, किंवा वाकड्या बाजूची भुवई मात्र नीट वर जात असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तिथं मिनिटं मोजायची असतात, थेट जालना किंवा संभाजीनगरचं मोठं रुग्णालय. आणि नुसती चेहऱ्याची नस सुजलेली असेल तरी स्टेरॉईडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या तर चांगला गुण येतो. तो काळ गेला की त्यांचा उपयोग कमी. बहुतेक माणसं या दुखण्यातून आपोआपही बरी होतात, म्हणून सुयांनी बरं झालं की सुयांशिवाय झालं असतं हे सांगणं अवघड, आणि आजवरचे अभ्यास पक्कं उत्तर देण्याइतके चांगले नाहीत. सुया नंतर कुणाला घ्यायच्या तर घ्याव्यात. पहिल्या दिवशी मात्र डॉक्टर. डोळा मिटत नसेल तर रात्री त्यात थेंब घालून वर पट्टी लावायची, नाहीतर बुबुळ सुकतं. रात्री-अपरात्री कुणावर अशी वेळ आली तर सोसायटीतल्या ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती काढावी, असं मी सचिवांना सुचवलं आहे, आणि नंबरांची यादी जिन्याच्या फलकावर लावायचं त्यांनी मान्य केलं आहे.